पावसासाठी राखून ठेवलेला वेग

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला, महापेच्या औद्योगिक वसाहतीत, व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशवरून उपग्रहामार्गे जोडणीची, सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या भूकेंद्रात मी बरीच वर्षे नेटवर्क अभियंता म्हणून काम करते. या केंद्राला आम्ही सगळे 'हब' म्हणतो. हबच्या आवारातील मोठी डिश १४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सिग्नल वर पाठवते. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह तो ११ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परत खाली सोडतो, आणि गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या बँकशाखा, पेट्रोल पंप आणि बांधकामाच्या साइट आपापल्या १.२ मीटरच्या डिशवर तो घेतात. ही सेवा सुरू झाली तेव्हा शाखेची गरज खात्यांवरील व्यवहारांपुरती होती. पुढे संगणकप्रणाली ब्राउझरमध्ये आली, मग कॅमेरे आले, मग मुख्य कार्यालयाशी रोजची व्हिडिओ बैठक आली. ग्राहकांची मागणी एकच होती: त्याच भाड्यात दुप्पट वेग द्या.

ही मागणी अवाजवी वाटली तरी ती पूर्ण करण्याचे दायित्व आमच्या चमूवर आले, आणि त्या कामाचा हा वृत्तांत आहे.

उपग्रहावरची जागा मेगाहर्ट्झच्या हिशेबाने भाड्याने मिळते. त्या जागेतून किती बिट काढायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न असतो. आमच्याकडे ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपाँडरचा (सिग्नल घेऊन परत खाली सोडणाऱ्या उपग्रहावरील यंत्राचा) निम्मा भाग, म्हणजे १८ मेगाहर्ट्झ होता; उरलेल्या निम्म्यात दुसऱ्याचे कॅरिअर, म्हणजे माहिती वाहून नेणारे सिग्नल, चालत असत. या १८ मेगाहर्ट्झमध्ये आम्ही डीव्हीबी-एस२ या प्रमाणकानुसार २० टक्के रोल-ऑफ, म्हणजे कॅरिअरच्या दोन्ही कडांचा उतार, ठेवून दर सेकंदाला १.५ कोटी चिन्हे पाठवत होतो, आणि क्यूपीएसके ३/४ (चिन्हाची चार रूपे, आणि दर चार बिटांपैकी तीन खऱ्या माहितीचे) या पद्धतीत दर चिन्हामागे साधारण १.४९ बिट जात असल्यामुळे सगळ्या जाळ्याला मिळून सुमारे २२ मेगाबिट उपलब्ध होत. सगळ्या शाखा हेच २२ मेगाबिट वाटून घेत.

वेग वाढवायचा तर बँडविड्थ वाढवा किंवा सिग्नल आणि गोंगाट यांच्यातले अंतर वाढवा, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच गणिताने मांडून ठेवले आहे. बँडविड्थ वाढवणे म्हणजे भाडे वाढवणे, आणि तो मार्ग बंद होता. सिग्नलची ताकद मात्र आमच्याकडे होती, नुसती पडून. क्यूपीएसके ३/४ ला सिग्नल गोंगाटाच्या सुमारे ४ डेसिबल वर असला की पुरते, आणि निरभ्र आकाशात आमच्या चांगल्या टर्मिनलवर (शाखेतल्या डिश-मोडेमच्या जोडीवर) तो १३ डेसिबलपर्यंत असे. मधले ९ डेसिबल, म्हणजे जवळजवळ आठपट ताकद, केवळ पावसासाठी राखून ठेवलेली होती. केयू-बँडला, म्हणजे आमच्या ११ ते १४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला, जोरदार पाऊस सोसत नाही. ९९.५ टक्के उपलब्धतेचे वचन दिले, तरी वर्षात सुमारे ४४ तास सेवा बंद राहू शकते, आणि ते तास नेमके जुलैत दुपारी गिऱ्हाईक काउंटरवर उभे असताना येतात. म्हणून जुन्या मंडळींनी वर्षातल्या सर्वांत वाईट तासाकडे पाहून सगळ्या जाळ्याची रचना केली होती. मेमध्येही छत्री उघडी धरून चालण्यातला हा प्रकार होता. पण त्या वेळच्या उपकरणांकडे छत्री मिटण्याची सोयच नव्हती, हेही खरे.

ती सोय एसीएम या तंत्राने होते. प्रत्येक टर्मिनल आपल्याकडे येणाऱ्या सिग्नलचा दर्जा मोजून हबला सतत कळवत राहते, आणि हब त्या टर्मिनलसाठीच्या चौकटी, म्हणजे माहितीचे गठ्ठे, त्या क्षणाला झेपतील अशा मॉड्युलेशनमध्ये व कोडमध्ये पाठवते. एकाच कॅरिअरमध्ये पहिली चौकट भामरागडसाठी जास्त बिट नेणाऱ्या १६-एपीएसकेमध्ये आणि लगेचची दुसरी पावसात सापडलेल्या महाबळेश्वरसाठी क्यूपीएसके १/२ मध्ये जाऊ शकते. प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीचे ९० चिन्हांचे शीर्ष इतके भक्कम असते की, आतला मजकूर ज्यांना वाचता येत नाही त्या टर्मिनलांनाही ही चौकट कोणत्या पद्धतीची आहे हे कळते, आणि ती सोडून देऊन ती पुढच्या चौकटीशी जुळून राहतात. या सगळ्याखाली त्रुटी दुरुस्त करणारा एलडीपीसी कोड आहे. रॉबर्ट गॅलगर यांनी तो १९६० च्या सुमारास मांडला. पण त्या काळच्या यंत्रांना तो पेलवणारा नव्हता, म्हणून तीसेक वर्षे तो कपाटात राहिला आणि १९९० च्या दशकात पुन्हा बाहेर आला. आमच्या क्षेत्रात नवे म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे असे जुने असते, फक्त त्याला चिप उशिरा मिळालेली असते.

हबची उपकरणे बदलण्याचा प्रस्ताव मंजूर होण्यात जे कागद फिरले त्यांची हकिगत इथे नको. डीव्हीबी-एस२एक्स हे २०१४ मध्ये आलेले विस्तारित प्रमाणक वापरायचे आणि रोल-ऑफ २० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायचा, असे ठरले. उतार उभा केला की त्याच १८ मेगाहर्ट्झमध्ये दर सेकंदाला १.७ कोटींहून अधिक चिन्हे बसतात. कागदावरचे गणित मोहक होते: नुसत्या रोल-ऑफने २२ चे साडेपंचवीस मेगाबिट, ८-पीएसके ३/४ मध्ये ३८, आणि सगळी टर्मिनले १६-एपीएसके ३/४ वर गेली तर जवळजवळ ५१.

पहिली अडचण आमच्याच ॲम्प्लिफायरने काढली. क्यूपीएसकेमध्ये सगळी चिन्हे एकाच वर्तुळावर असतात, त्यामुळे ॲम्प्लिफायर जवळजवळ पूर्ण ताकदीने चालवला तरी फारसे बिघडत नाही. १६-एपीएसकेमध्ये आत चार आणि बाहेर बारा अशी दोन वर्तुळे असतात, आणि ॲम्प्लिफायर थकू लागला की बाहेरचे वर्तुळ आतल्याकडे दबते. रात्री उशिरा रहदारी कमी झाल्यावर आम्ही चाचणीचे कॅरिअर वर सोडले आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरसमोर बसलो. पडद्यावर कॅरिअरचा सपाट माथा आणि उभ्या कडा दिसत होत्या. जशी ताकद वाढवत नेली तसे त्या कडांच्या पायथ्याशी दोन्हीकडे खांदे फुटू लागले. हे खांदे म्हणजे शेजाऱ्याच्या जागेत सांडणारी आपली ऊर्जा होय. उपग्रहचालकाच्या नियंत्रण कक्षातला अधिकारी फोनवर होताच. त्याने शांतपणे, "तुमचा डावा खांदा आम्हाला इथे दिसतोय, दोन डेसिबल खाली या," असे सांगितले. आम्ही खाली आलो, खांदे विरले, आणि मोडेमच्या पडद्यावर सोळा ठिपक्यांचे जे धुरकट पुंजके होते ते टोकदार झाले. ताकद कमी केल्यावर सिग्नल सुधारतो, हे नव्याने रुजू झालेल्या मुलांना पटवायला त्या पडद्यासारखा शिक्षक नाही.

दुसरी अडचण टर्मिनलांकडे होती, आणि तिने आम्हाला बरेच शिकवले. पूर्वी सगळ्यांना एकच क्यूपीएसके जात असे, त्यामुळे १३ डेसिबलवाली शाखा आणि ७ डेसिबलवाली शाखा यांच्या अनुभवात काही फरक नसे. एसीएम सुरू होताच प्रत्येक टर्मिनल आपापल्या लायकीच्या पायरीवर जाऊन बसले, आणि निरभ्र आकाशातही खालच्या पायरीवर राहिलेल्यांची यादी आपोआप तयार झाली. त्या यादीतले एकेक ठिकाण तपासले तेव्हा कारणे अगदी साधी निघाली. कुठे डिशसमोर आंब्याची फांदी वाढली होती, कुठे रंगकाम करणाऱ्याने शिडी डिशला टेकवून ती जरा फिरवली होती, आणि सर्वांत जास्त ठिकाणी केबलच्या एफ-कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडली होती. काही ठिकाणी डिश आणि केबल निर्दोष असूनही टर्मिनल ८-पीएसकेच्या वर जाईना. तिथे जुन्या एलएनबीचा (डिशच्या तोंडाशी बसून आलेला सिग्नल कमी वारंवारतेवर आणणाऱ्या यंत्राचा) आंदोलक डळमळीत होता. उन्हाने तो तापला की त्याची वारंवारता सरके, आणि सोळा ठिपके गोल फिरल्यासारखे पुसट होत. क्यूपीएसकेला हे दोष खपत होते, म्हणून इतकी वर्षे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. चौकटींमध्ये ठरावीक अंतराने पायलट, म्हणजे मोडेमला आधीच माहीत असलेली, चिन्हे घातल्यावर मोडेमला या फिरण्याचा अंदाज घेता येतो. त्यासाठी अडीच टक्क्यांच्या आसपास क्षमता खर्ची पडते, आणि ती आम्ही बिनतक्रार दिली. तरीही जिथे भागले नाही तिथे वारंवारता स्थिर ठेवणारे पीएलएल प्रकारचे एलएनबी बसवले. माझ्या मते या साऱ्या उपक्रमातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी भाग हाच होता. तो प्रस्तावात नव्हता, म्हणून त्याचे श्रेय मात्र मोडेमला मिळाले.

मेअखेर जाळ्याची सरासरी चाळीस मेगाबिटच्या वर स्थिरावली, आणि अभिनंदनाचे ई-मेल येऊ लागले. कोकणातून पाऊस वर सरकत होता.

जूनमध्ये एका दुपारी पारसिकच्या डोंगरावर ढग उतरले आणि महाप्यात समोरची इमारत दिसेनाशी झाली. नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर शेकडो टर्मिनलांचे रंग एकाच वेळी हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे नारिंगी होत गेले. त्यात रत्नागिरी होती, तशी चंद्रपूरही होती, जिथे अजून पावसाचा थेंब पडलेला नव्हता. इतक्यात भामरागडकडच्या आमच्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, इथं कडक ऊन आहे, अन् बँकेचं सगळं स्लो झालंय. डिश हलवून बघू का?"

"नको भाऊ, डिशला हातसुद्धा लावू नका," मी म्हणाले. "पाऊस आमच्याकडे पडतोय."

त्याला ते पटले नसावे. पण गोष्ट तशीच होती. आमचा सिग्नल आधी महाप्याच्या ढगातून वर जातो. तिथे तो अर्धमेला झाला, तर उपग्रह तो तसाच अर्धमेला खाली सोडतो, आणि राज्यातल्या प्रत्येक टर्मिनलला, त्याच्या डोक्यावर ऊन असो की चांदणे, तो तसाच मिळतो. ट्रान्सपाँडर एकट्याच्या ताब्यात असता, तर उपग्रहावरील स्वयंचलित नियंत्रणाने ही घट भरून काढता आली असती. तो अनेक कॅरिअरांमध्ये वाटलेला असल्यामुळे तसे करता येत नाही. पूर्वीही हे होतच होते. फक्त ९ डेसिबलच्या राखीव साठ्यात ते बुडून जात असे. तो साठा आम्ही वेगासाठी खर्च केला, आणि त्याबरोबर सगळे जाळे महाप्याच्या आकाशाच्या अधीन झाले. ज्यांना एसीएम म्हणजे फक्त टर्मिनलच्या बाजूचा बदल वाटतो, त्यांनी आपले हब कुठे आहे हे आधी पाहावे. मुंबईच्या परिसरात जुलै-ऑगस्टमध्ये पडतो तसा पाऊस हबसाठी काही आदर्श नव्हे. उपग्रह इथून दक्षिणेला बराच उंच दिसतो आणि त्यामुळे सिग्नलचा पावसातून जाणारा मार्ग तुलनेने आखूड राहतो, एवढाच काय तो दिलासा.

यावरचा पहिला उपाय म्हणजे पाऊस वाढेल तशी वर जाणारी ताकद वाढवणे. उपग्रह स्वतःहून एक बारीक, स्थिर ताकदीचा सिग्नल सोडत असतो. त्याला बीकन म्हणतात. तो किती दबला यावरून खाली येताना झालेली घट कळते, आणि १४ गिगाहर्ट्झवर पावसाची घट ११ च्या सुमारे दीडपट धरून वरची ताकद तितकी वाढवता येते. ही यंत्रणा हबमध्ये होतीच. पण तिला वर जायला वाव कमी होता, कारण ॲम्प्लिफायर खांदे न फुटतील अशा बेताने चालवायचा होता. मोठा ॲम्प्लिफायर मागवावा लागला. तो येईपर्यंत पावसाच्या दुपारी आम्ही १६-एपीएसके बंदच ठेवत असू.

मात्र बीकनच्या नोंदी पाहताना एक गोष्ट खटकत होती. पाऊस थांबल्यावर, आकाश उघडल्यावरही, बीकन लगेच पूर्वपदावर येत नसे. ते हळूहळू, कधी अर्धा तास घेऊन वर येई. ढगामुळे होणारी घट ढगाबरोबर जायला हवी होती. म्हणजे पाणी आकाशात नव्हते, आमच्या डिशवरच कुठेतरी थांबले होते. आमच्या केंद्रातल्या जुन्या तंत्रज्ञाने, ज्यांना सगळे काका म्हणतात, ऐकल्या ऐकल्या फीडकडे, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल सोडणाऱ्या-घेणाऱ्या तोंडाकडे, बोट दाखवले. फीडच्या तोंडावर पाणी आत जाऊ नये म्हणून एक पातळ पडदा ताणून बसवलेला असतो. नवा असताना त्यावर पाणी थांबत नाही, थेंब गोळा होऊन घरंगळून जातात. आमचा पडदा कित्येक वर्षांच्या उन्हाने पांढुरका पडला होता, आणि त्यावर वसाहतीतल्या धुराचा व खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेचा खरखरीत थर बसला होता.

खात्री करून घेण्यासाठी एका कोरड्या रात्री ॲम्प्लिफायर बंद केला, कारण तो चालू असताना फीडसमोर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. काका शिडीवर चढले आणि झाडांवर औषध मारायच्या पंपाने त्यांनी पडद्यावर साध्या पाण्याचा फवारा मारला. पाण्याचे थेंब झालेच नाहीत. ओल्या पाटीसारखी सलग चकाकी पडद्यावर पसरली आणि तिथेच चिकटून राहिली. आत बीकनचा आकडा दीड डेसिबल खाली आला होता. कोरड्या फडक्याने पडदा पुसताच तो पुन्हा जागेवर आला. एवढे पाहिल्यावर चर्चेला काही उरले नाही. पाणी न धरणारा नवा पडदा बसवला, त्यावर सतत हवेचा झोत सोडणारा ब्लोअर लावला, आणि वेव्हगाइडमध्ये (सिग्नल नेणाऱ्या धातूच्या नळीत) कोरडी हवा भरणाऱ्या यंत्राचे जुने फिल्टरही त्याच दमात बदलून टाकले. ब्लोअरची किंमत मोडेमच्या मानाने किरकोळ होती, तरी खरेदी विभागाने 'पंखा कशाला?' असे लेखी विचारले होते, हे नमूद करावेसे वाटते.

पाऊस आटोक्यात आल्यावर तक्रारींचा सूर बदलला. आता शाखांना एकूण क्षमता भरपूर मिळत होती; पण एखादी मोठी फाइल उतरवायला घेतली की ती दर सेकंदाला एका मेगाबिटच्या पुढे जात नसे. हा दोष रेडिओचा नव्हता. सिग्नलला वर-खाली जाऊन उत्तर घेऊन परत यायला साधारण ५५० मिलिसेकंद लागतात, आणि प्रकाशाच्या वेगाशी वाद घालता येत नाही. टीसीपी या इंटरनेटवरच्या पाठवणीच्या पद्धतीत पाठवणारा ठरावीक माल पाठवून पोच येईपर्यंत थांबतो. जुन्या प्रणालींमध्ये हा माल ६४ किलोबाइटच्या वर जात नाही. दर ५५० मिलिसेकंदांना ६४ किलोबाइट, याचा गुणाकार एका मेगाबिटच्या आतच येतो, मग खाली दहा मेगाबिटचा मार्ग मोकळा असला तरी उपयोग काय? यासाठी हबमध्ये आणि टर्मिनलमध्ये पीईपी नावाचा मध्यस्थ बसवतात. तो शाखेच्या संगणकाला जागच्या जागी पोच देतो आणि उपग्रहावरचा प्रवास आपल्या वेगळ्या, लांब पल्ल्याला साजेशा रीतीने उरकतो.

पण बँकेचा राउटर सगळी रहदारी टर्मिनलमध्ये येण्याआधीच गुप्तलिपीत गुंडाळत होता. त्या वेष्टणाच्या आत टीसीपी आहे की आणखी काही, हे आमच्या मध्यस्थाला दिसणे शक्यच नव्हते. बँकेच्या सुरक्षा विभागाशी झालेल्या बैठका लांबल्या, आणि त्यांचा संशय अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. मध्यस्थाला काम करू द्यायचे म्हणजे वेष्टण त्याच्या पुढे सरकवायचे, आणि ते कोणाच्या ताब्यातल्या यंत्रावर राहील हा रास्त प्रश्न होता. शेवटी मध्यस्थ बँकेच्याच राउटरच्या आतल्या बाजूला, बँकेच्या ताब्यात राहील, असे ठरले. त्यानंतर फाइल उतरवण्याचा वेग चारपाच पट झाला. क्विक या टीसीपीऐवजी वापरल्या जाणाऱ्या नव्या पद्धतीवर चालणाऱ्या संकेतस्थळांना हा उपाय लागू पडत नाही, कारण त्यात पोचपावत्याही गुप्तलिपीतच जातात. तिथे मोठी खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी पाठवायच्या मालाची मर्यादा मोठी, ठेवण्याचे काम दोन टोकांच्या सॉफ्टवेअरलाच करावे लागते.

व्हिडिओ बैठकीतला अर्ध्या सेकंदाचा विलंब तसाच आहे आणि राहणार. ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या जाळ्यांशी या बाबतीत आम्ही स्पर्धा करू शकत नाही, आणि तसे ग्राहकाला स्पष्ट सांगावे असे माझे मत आहे. वेग आणि विलंब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्री विभाग त्या एकाच वाक्यात बसवतो, आणि मग तक्रारीचा फोन आमच्याकडे येतो.

आता मोठा ॲम्प्लिफायर बसला आहे. जून ते सप्टेंबर एसीएमची पायरी चढण्याआधी राखायचा फरक आम्ही थोडा जास्त ठेवतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य उपग्रहाच्या मागून जाऊन सिग्नलमध्ये गोंगाट मिसळण्याचे दिवस संपले की, तो पुन्हा कमी करतो. सह्याद्रीपलीकडे, पावसाच्या छायेत, दुसरी डिश उभारून महाप्यात कोसळत असेल तेव्हा सिग्नल तिकडून वर पाठवावा, असा प्रस्ताव मी दिला आहे. दोन ठिकाणांना जोडणारी फायबर वाहिनी घाटातल्या दरडींमध्ये टिकेल का, या मुद्द्यावर तो सध्या अडला आहे, आणि पर्यायी मार्गाची पाहणी चालू आहे.